जादूचे प्रयोग : एका रसिकाचे काही प्रश्न

नाटक, तमाशा, जलसा यांवर आपण पुष्कळ लिहिले. जादूच्या प्रयोगावर गंभीरपणे लिहिलेले मात्र माझ्या वाचनात फारसे नाही. 'पोरांचा खेळ' असे म्हणून हा विषय निकालात काढला जातो. मी या खेळाचा रसिक आहे, चाहता म्हटले तरी चालेल. गेल्या हिवाळ्यात लातूरच्या एका सभागृहात एका नावाजलेल्या जादूगाराचा प्रयोग पाहिला. (नाव मुद्दाम देत नाही, माझी हरकत एका माणसाला नाही, प्रयोगाच्या आजच्या रूपाला आहे.) सोबत आई होती आणि आमच्या महाविद्यालयातला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी होता. अडीच तासांनी बाहेर पडलो तेव्हा आसपासचे सगळे खूश होते, मी नव्हतो. असे का झाले, याचा विचार करताना हे टिपण झाले.

आधी माझ्या पहिल्या प्रयोगाबद्दल सांगितले पाहिजे, कारण माझी मोजपट्टी तिथली आहे. १९९८ साली मी चौथीत होतो. मुखेड तालुक्यातले गाव सोडून वडील नांदेडच्या मोंढ्यात हमाली करीत होते. मैदानावर तंबू पडला होता. सर्वांत स्वस्त तिकिटे काढून आम्ही मागे, सतरंजीवर बसलो. मध्येच जादूगार खाली उतरला, रांगांतून वाट काढीत थेट आमच्यापर्यंत आला आणि त्याने माझ्या कानामागून एक रुपया काढला. तो माझ्या तळहातावर ठेवला, माझी बोटे आपल्या हाताने मिटवली आणि म्हणाला, "घट्ट धर." मूठ उघडली तेव्हा रुपया नव्हता. मला त्याचे काही वाईट वाटले नाही. गावातला किराणा दुकानदार आम्हांला सुटे पैसे द्यायचा ते वीतभर वरून सोडून. पैसा खाली पडला तर आपण वाकून उचलायचा. इथे एक जरीचा कोट घातलेला माणूस माझ्या कानाला, माझ्या बोटांना हात लावून गेला होता, आणि त्याने माझे नाव-गाव काहीच विचारले नव्हते.

जादूचा प्रयोग ही मूलतः स्पर्शाची कला आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. 'हातचलाखी' या शब्दातच हात आहे. प्रेक्षकाची अंगठी, प्रेक्षकाचा रुमाल, प्रेक्षकाचा तळहात यांवाचून ही कला उभी राहत नाही. ज्या समाजाने कोणी कोणाला शिवावे याचे नियम शेकडो वर्षे काटेकोर पाळले, त्या समाजात ही कला तंबूपुरती का होईना एक वेगळी व्यवस्था उभी करते. आमच्या समीक्षेला हे दिसायला हवे होते.

लातूरच्या प्रयोगात हात जवळजवळ नव्हताच. मोठ्या पेट्या होत्या, धूर होता, रंगीत झोत होते, कानठळ्या बसवणारे संगीत होते. जादूगार रंगमंचाच्या खाली एकदाच आला, तोही फोटोसाठी. मराठी माणसाच्या मनात जादूगार म्हटले की पुण्याचे रघुवीर भोपळे उभे राहतात. ते १९८४ साली गेले. पुढे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी तो वारसा चालवला. भारतभर मात्र छाप पडली ती पी. सी. सरकार यांची. १९१३ साली पूर्व बंगालात जन्मलेल्या या कलावंताने महाराजाचा वेश, फेटा, तुरा, रत्नहार घालून 'इंद्रजाल' जगभर नेले आणि १९७१ साली जपानच्या दौऱ्यावर असतानाच त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे मोठेपण मला मान्य आहे. पण त्यांनी निवडलेला वेश राजाचा होता हे विसरता येत नाही. आजही बहुतेक जादूगार तोच वेश करतात. लातूरचा जादूगारही तुरा लावूनच आला.

कापण्याचा प्रयोग अर्थातच झाला. लंडनच्या रंगमंचावर सेल्बिट याने १९२१ साली बाईला पेटीत घालून करवतीने कापले. १९५६ साली सरकार यांनी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर मुलीला कापले आणि ती उठण्याआधीच कार्यक्रम संपला, तेव्हा घाबरलेल्या लोकांनी फोनवर फोन केले. आमच्या आईला हा इतिहास ठाऊक नाही. ती शांतपणे म्हणाली, "बाईलाच कामून कापतेत रं? गड्याला कामून नाही कापत?" शंभर वर्षांच्या या प्रयोगावर याहून चांगली टीका मी ऐकलेली नाही.

मग लोटा आला. हा सरकार यांच्याही खेळातला जुना प्रकार, 'वॉटर ऑफ इंडिया' या नावाने जगभर ओळखला जाणारा. लोटा उपडा करून रिकामा करायचा, दुसरा खेळ करायचा, परत येऊन पुन्हा पाणी ओतायचे. नांदेडला वडिलांनी मोजले होते, सात वेळा. यातली गोम आता मला माहीत आहे. भांडे दुहेरी असते आणि त्याला एक बारीक छिद्र असते. छिद्र बोटाने बंद केले की हवा आत जात नाही, म्हणून पाणी बाहेर येत नाही. माहीत असूनही मला तो खेळ आवडतो. पण लातूरमध्ये हा खेळ करताना आपण कुठे उभे आहोत याचे भान कलावंताला हवे. २०१६ च्या एप्रिलमध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. घागरींच्या रांगा पाहिलेले लोक समोर बसलेले. लोट्यातून तिसऱ्यांदा पाणी पडले तेव्हा मागून कोणीतरी ओरडले, "महापालिकेत घ्या ह्यांना!" सभागृह हसले. जादूगार नुसता वाकला आणि पुढच्या पेटीकडे गेला. नुकतेच जे घडले तोच त्या रात्रीचा खरा प्रयोग होता, हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

यानंतर त्याने भाषण केले. ही आपली प्राचीन विद्या आहे, आपल्या ऋषिमुनींची सिद्धी आहे, दोरीवर चढून अदृश्य होणारे योगी याच भूमीत होते, इत्यादी. टाळ्या पडल्या. त्या दोरीच्या खेळाची ख्याती पसरली ती १८९० साली शिकागोच्या एका वृत्तपत्राने छापलेल्या बातमीतून, आणि ती बातमी रचलेली होती हे त्याच पत्राने पुढे कबूलही केले. 'सिद्धी' हा शब्द तर मला अधिक खटकला. जादूगाराचा प्रेक्षकाशी एक करार असतो : मी तुम्हांला फसवणार आहे, ते तुम्हांला माहीत आहे, आणि म्हणूनच तुम्ही तिकीट काढले आहे. बुवा तीच हातचलाखी करतो, पण करार लपवतो. हा फरक गावोगाव समजावून सांगणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात मारले गेले. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून पैसे मिळवणे गुन्हा ठरला. अशा राज्यात तिकीट लावून खेळ करणारा कलावंत 'सिद्धी' म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या प्रामाणिक धंद्याला बुवाच्या दारात नेऊन बसवतो.

आता टोपलीविषयी. मुलाला टोपलीत बसवून तलवारी खुपसण्याचा खेळ खराखुरा इथला आहे, रस्त्यावरचा आहे. माझा विद्यार्थी गारुडी समाजाचा; त्याचे आजोबा माळेगावच्या जत्रेत हा खेळ करीत. रंगमंचावर चकचकीत टोपली आली, मुलगी आत बसली, मिनिटभरात तलवारी गेल्या. मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "सर, ह्यात बोलणं कुठंय?" नंतर चहा पिताना त्याने उलगडून सांगितले. आजोबा पोराला टोपलीत घालण्याआधी पाव तास बोलत. पोरगा उलट उत्तरे देई, भूक लागली म्हणे, लोक हसत. "लोकांचा जीव आधी त्या पोरात अडकला पाहिजे, सर. मग तलवार." सौंदर्यशास्त्राच्या तासाला मी जे चाळीस मिनिटांत सांगू शकत नाही, ते त्याने दोन वाक्यांत सांगितले.

सरकार यांना १९६४ साली पद्मश्री मिळाली. त्याच्या पाच वर्षे आधी, १९५९ साली, मुंबई राज्यात भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला होता. त्यातली भिकेची व्याख्या वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे या निमित्ताने पैसे मागणे हीसुद्धा भीकच. म्हणजे टोपली सभागृहात असेल तर कला आणि मोंढ्याच्या चौकात असेल तर अपराध. दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातली शिक्षेची कलमे तिथल्यापुरती रद्द केली; तो निर्णय दिल्लीचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप गेले. ते योग्यच झाले, पण सापाबरोबर माणसाचे काय करायचे हे कोणी ठरवले नाही.

येथे मला आपल्या पक्षालाही एक गोष्ट विचारायची आहे. 'उपरा' १९८० साली आले, 'उचल्या' १९८७ साली. त्याचे लेखक लक्ष्मण गायकवाड तर लातूरजवळच्या धनेगावचे. या पुस्तकांनी भटक्या-विमुक्तांचे जगणे मराठी साहित्यात आणले. आपण त्यांतली वेदना वाचली, त्यांवर परिसंवाद घेतले. पण या समाजांच्या कसबाकडे कसब म्हणून पाहिले का? गारुड्याच्या बोलण्याची रचना, त्याच्या हाताची लय, गोल धरून उभ्या राहिलेल्या गर्दीला पळू न देण्याची त्याची हुकमत, हा समीक्षेचा विषय आहे असे आपल्यालाही वाटले नाही. दारिद्र्याच्या पुराव्यापलीकडे आपण त्यांच्याकडून काही मागितलेच नाही.

प्रयोगाच्या शेवटी जादूगाराने एका मुलाला मंचावर बोलावले. नाव विचारले. मुलाने पहिले नाव सांगितले. "असं नाही, पूर्ण नाव, आडनावासकट!" मुलगा थांबला आणि त्याने अंधारात आपल्या बापाच्या दिशेने पाहिले. हे पाहणे मला ओळखीचे आहे. शाळेत, वसतिगृहात, मुलाखतीला मीही असाच कुणाकडे तरी पाहत आलो. जादूगाराच्या मनात काही वाईट नसावे. त्याला आडनावावर एक विनोद करायचा होता, तो त्याने केलाही. पण त्याने मुलाच्या हाताला हात लावला नाही. माइक पुढे केला आणि कांडीने जागा दाखवली.

विद्यार्थ्याला मी आजोबांचे बोलणे लिहून काढायला सांगितले होते. त्याने वहीची अकरा पाने भरली. निम्मे शब्द मला कळत नाहीत. काही त्यांच्या धंद्यातले, बाहेरच्याला न कळावेत म्हणूनच घडवलेले. या लेखासोबत ती पाने छापावीत अशी माझी इच्छा होती. त्याने घरी विचारले. आजोबांनी विचारले, छापल्यावर ते कोण कोण वाचणार? मास्तर लोक, असे त्याने सांगितले. ते नको म्हणाले. वही मी त्याला परत केली आहे.