‘कारण’ या रकान्याची उलटतपासणी

भांग आणि गांजा यांविषयीच्या वादात ज्या एका ग्रंथाची साक्ष दोन्ही पक्ष काढतात, तो म्हणजे १८९४ साली पुरा झालेला ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चा अहवाल होय. साक्ष काढणारे पुष्कळ आणि वाचणारे विरळा, ही जाडजूड ग्रंथांची नेहमीची गत याच्याही वाट्यास आली आहे. ही वनस्पती औषध म्हणून मोकळी व्हावी असे म्हणणारे त्यातील एक निष्कर्ष पुढे करतात. तिच्या सेवनाने बुद्धिभ्रंश होतो असे म्हणणारे त्याच्या लगतचाच दुसरा. दोघांनाही हा अहवाल हवा असतो तो निकालपत्र म्हणून. माझ्या मते त्याचे मोल निकालात नसून पुरावा पारखण्याच्या रीतीत आहे. २०२० च्या अखेरीस औषधी उपयोगासाठी या झाडाची लागवड करू देण्याचा प्रस्ताव गोव्यात चर्चेस आला, तेव्हा हा वाद आपल्या अंगणात येऊन ठेपला. म्हणून या जुन्या ग्रंथाचे परीक्षण आज अप्रस्तुत ठरू नये.

१८९३ च्या मार्च महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये केन नावाच्या मद्यपाननिषेधवादी सभासदाने बंगालमधील गांजाच्या परिणामांविषयी प्रश्न उपस्थित केला आणि त्यातून त्याच वर्षी हा आयोग जन्मास आला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. सभासदांत राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनाम सिंग आणि लाला निहालचंद हे तिघे हिंदी होते. आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले. बंगालमधील नौगाव, निमाडातील खांडवा, मुंबई इलाख्यातील नगर जिल्हा, अशा ठिकठिकाणच्या लागवडीची माहिती त्यात आहे. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि रसाचा चरस हा भेद आयोगाने प्रारंभापासून काटेकोरपणे सांभाळला आहे. आजच्या वादातील अर्धा गोंधळ हा भेद न पाळल्यामुळेच होतो.

अहवालाचा सर्वांत भक्कम भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा. प्रत्येक रोग्याच्या नोंदीत तेथे ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना असे, आणि गांजाने वेड लागते ही सरकारदरबारची समजूत मुख्यतः या रकान्याच्या बेरजेवर उभी होती. आयोगाने साधा प्रश्न विचारला : हा रकाना भरतो कोण? उत्तर असे मिळाले की, रोग्यास पाठविणाऱ्या मॅजिस्ट्रेटच्या आणि पोलिसांच्या कागदांत जे लिहिलेले असे, तेच बहुधा पुढे उतरत जाई. ज्याच्या घरादाराचा ठावठिकाणा नाही अशा भटक्या माणसाच्या नावापुढे ‘गांजा’ लिहून मोकळे होणे सर्वांत सोपे होते. आयोगाने १८९२ सालची प्रकरणे एकेक करून पुन्हा चाळली. त्या वर्षी दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकी २२२ जणांचे वेड या वनस्पतीच्या माथी मारलेले होते. छाननीनंतर त्यांतले ९८ उरले. आणि त्यांतही केवळ हेच एक कारण धरता येईल असे ६१ होते.

ऐकीव माहिती एकदा सरकारी कागदावर चढली की तिला पुराव्याचे रूप येते, हे न्यायालयात वावरणाऱ्या कोणासही सांगावयास नको. आयोगाने ते रूप खरवडून काढले, हे त्याचे श्रेय. तथापि ९८ म्हणजे शून्य नव्हे, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. आयोगाने तसे सांगितलेही आहे. माफक सेवनापासून मनास सहसा अपाय होत नाही, हा त्याचा एक निष्कर्ष. अतिसेवनाने, विशेषतः जेथे मूळची दुर्बलता किंवा आनुवंशिक प्रवृत्ती असेल तेथे, वेड लागू शकते, हा दुसरा. पहिला उचलून दुसरा गाळणे म्हणजे साक्षीदाराचे अर्धेच उत्तर नोंदवून घेण्यासारखे आहे.

अहवालात उणिवाही आहेत. ‘माफक’ म्हणजे किती, याचे माप कोठेच नीट ठरत नाही. गांजाच्या अबकारी उत्पन्नात सरकारचा हात गुंतलेला होता, आणि आयोगाची शिफारसही बंदीची नसून परवान्यांची व करांची होती. यावरून आयोगाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण वाचकाने ही गोष्ट दृष्टीआड करू नये. सर्वांत मोठी उणीव मात्र प्रश्नाच्या मांडणीत आहे. आयोगाने विचारले : वेडाचे कारण गांजा आहे की नाही? आजचे वैद्यकशास्त्र विचारते : गांजाने वेडाचा संभव किती वाढतो, आणि कोणाचा? एका कारणाचा शोध आणि अनेक कारणांतील एका भागाचे मोजमाप, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हे मोजमाप आता पुष्कळसे झाले आहे. १९८७ साली स्वीडनमधील ४५,५७० सैन्यभरती झालेल्या तरुणांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पन्नासाहून अधिक वेळा सेवन केलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया जडण्याचे प्रमाण सहापट दिसले. मात्र इतर कारणे वजा करता ते बरेच खाली आले. २०१९ च्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात, रोज सेवन करणाऱ्यांत तीव्र मनोविकृतीचा संभव कधीही सेवन न करणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आणि कडक प्रतीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत जवळजवळ पाचपट आढळला. माफक सेवनाविषयीचे १८९४ चे शब्द या कडक मालाला जसेच्या तसे लावणे अयोग्य आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर ओशॉनेसी यांनी १८३९ साली या औषधाचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत एका तान्ह्या मुलीचे झटके थांबल्याची हकिकत आहे. आणि त्याच निबंधात अतिसेवनाने होणाऱ्या उन्मादाचेही वर्णन आहे. २०१८ साली अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्याने, याच झाडातून काढलेल्या पण नशा न आणणाऱ्या कॅनाबिडिऑल या द्रव्यास, लहानपणी जडणाऱ्या अपस्माराच्या दोन दुर्धर प्रकारांसाठी मान्यता दिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ साली प्रौढांच्या जुनाट वेदनांवर या वनस्पतीचा उपयोग होतो यास भरीव पुरावा असल्याचे म्हटले, आणि त्याच ग्रंथात सेवन व मनोविकृती यांच्या संबंधासही भरीव पुरावा असल्याचे नमूद केले. म्हणजे उपकार आणि अपकार हे परस्परांना खोडणारे दावे नव्हेत. एकाच द्रव्याविषयीचे ते दोन स्वतंत्र दावे आहेत, आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा द्यावा लागतो. एका रोगावर गुण आला म्हणून चिंतेवर, निद्रानाशावर आणि खिन्नतेवरही ते रामबाण ठरत नाही.

आता आपल्या श्रद्धेकडे वळू. अहवालाच्या परिशिष्टात कँपबेल या मुंबईच्या अधिकाऱ्याचा, भांगेच्या धार्मिक स्थानावरील निबंध आहे. तो वाचनीय आहे, आणि परधर्मीयाने इतक्या आस्थेने लिहिले याचे कौतुकही वाटते. परंतु तो श्रद्धेचा पुरावा आहे, आरोग्याचा नव्हे. उज्जयिनीच्या महाकालास भांगेचा शृंगार होतो; शिवरात्रीस ठिकठिकाणी घोटा वाटला जातो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने फुलोऱ्याशिवायची पाने गांजाच्या व्याख्येतून वगळली आहेत, म्हणून भांगेचे नियमन राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे राहिले. पण कायद्याने वगळले म्हणजे निरुपद्रवी ठरविले, असा अर्थ निघत नाही. आयुर्वेदिक औषधांना लागू असलेल्या नियमांतील विषारी द्रव्यांच्या यादीत धोत्र्याबरोबर भांगही आहे, आणि अशी द्रव्ये असलेले पोटात घ्यावयाचे औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना वेष्टनावर द्यावी लागते. हलाहल पचविले ते महादेवाने. भक्ताच्या प्रकृतीची हमी त्यातून मिळत नाही. जेथे घोटा वाटला जातो, तेथील देवस्थान समितीने तो मुलांच्या आणि ज्यांच्या घरी मनोविकार आहे अशांच्या हाती पडू नये एवढी दक्षता घेतली, तर देवाच्या सेवेत काही उणे पडणार नाही.

या ग्रंथाच्या वाचनाने मनाला सर्वांत अधिक टोचते ते निराळेच. तो ‘कारण’ नावाचा रकाना आजही भरला जात आहे, आणि तो भरणारे आपणच आहोत. घरातील तरुणाचे मन बिघडले की सोयरिकीच्या भयाने कोणी घराण्यातील जुना विकार झाकतो आणि सारे खापर गांजावर फोडतो; कोणी त्याचे गांजाचे व्यसन झाकतो आणि बाधा झाली म्हणून देवऋष्याचे दार ठोठावतो. दोन्ही प्रकारांत वैद्याच्या हाती खोटी नोंद पडते, आणि तिची शिक्षा जो स्वतः बोलण्याच्या स्थितीत नाही त्या रोग्याला भोगावी लागते. व्यसन आणि वारसा ही दोन्ही कारणे एकत्र येतात तेव्हाच धोका सर्वांत मोठा असतो, हे १८९४ च्या आयोगासही दिसले होते. तेव्हा डॉक्टरांपुढे बसताना या दोहोंपैकी एकही गोष्ट लपवू नये. औषधी गांजाला परवानगी मिळो वा न मिळो, हे कर्तव्य कोणत्याही कायद्याची वाट पाहत नाही.