प्लीहा, सोमल आणि साक्ष

देवळाली कॅम्पचे नाव इंग्रजी शब्दकोशात आहे, पण ते काही भूषणाने घेतलेले नाही. 'डूलॅली' म्हणजे डोके फिरलेला. मूळचा शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप' असा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथल्या छावणीत राहत. जहाजांचा हंगाम हिवाळ्याचा. तो चुकला की पुढचा उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढायचा. रिकामपण, उकाडा, दारू आणि आजार यांनी माणसे बिघडत. त्या बिघाडाला शिपायांनी गावाचे नाव दिले आणि त्याला आपला 'ताप' हा शब्द जोडला.

या शब्दप्रयोगात माणसाच्या वागण्याचा दोष हवेवर आणि तापावर टाकलेला आहे. त्याच काळातल्या न्यायालयांत आणखी एक ताप आरोपीच्या कामी येत होता. मात्र तो आरोपीला आलेला ताप नव्हता, तर मेलेल्या माणसाला पूर्वी येऊन गेलेला होता. तो कसा, हे सांगणारी दोन इंग्रजी पुस्तके आम्ही अलीकडे शेजारी शेजारी ठेवून वाचली. एलिझाबेथ कोल्स्की यांचे 'कलोनियल जस्टिस इन ब्रिटिश इंडिया' (२०१०) आणि डेव्हिड अर्नोल्ड यांचे 'टॉक्सिक हिस्टरीज' (२०१६). दोन्ही केंब्रिज विद्यापीठाने प्रकाशित केली आहेत. पहिले गोऱ्यांनी केलेल्या मारहाणीचे आणि त्यांना मिळालेल्या न्यायाचे, तर दुसरे विषांचे आणि विषारी प्रदूषणाचे. पुस्तके इतिहासाची आहेत, मग ती विज्ञान शिक्षकाने का वाचावीत? 'सिद्ध झाले' हा शब्द आपण वर्गात रोज वापरतो. न्यायालयात तो वापरला की कोणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो. तो शब्द किती जपून वापरावा हे या पुस्तकांतून जितके कळते तितके पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

फुटलेली प्लीहा

कोल्स्की यांचे म्हणणे थोडक्यात असे. इंग्रजांनी कायदे संहितेत बसवले आणि कायद्यापुढे सर्व समान असे जाहीर केले. प्रत्यक्षात मळेवाला, शिपाई किंवा साहेब आरोपी असला की शिक्षा हलकी होई. हिंदी साक्षीदार खोटे बोलतात हे गृहीत धरलेले असल्यामुळे न्यायालये शवविच्छेदनाकडे वळली. माणसे खोटे बोलतील, पण शरीर खोटे बोलणार नाही, असा त्यामागचा विश्वास होता. आणि शरीराची साक्ष वारंवार एकच निघू लागली, ती म्हणजे प्लीहा फुटून मृत्यू.

आग्र्याचा एक खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे. १८७५ साली फुलर नावाचा इंग्रज वकील रविवारी सहकुटुंब चर्चला निघाला होता. कतवारू नावाच्या मोतद्दाराला यायला उशीर झाला म्हणून त्याने त्याला मारले. कतवारू पडला, उठून बाजूला गेला आणि थोड्याच वेळात मरण पावला. शवविच्छेदनात आढळले की रोगाने वाढलेली प्लीहा फुटली होती, आणि अशी प्लीहा अगदी साध्या धक्क्यानेही फुटू शकते. दंडाधिकाऱ्याने फुलरला तीस रुपये दंड केला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७६ साली या निकालावर जाहीर ताशेरे ओढले, तेव्हा इथल्या इंग्रजांनी फुलरवर नव्हे तर लिटनवर राग काढला.

या प्रकरणातले वैद्यकीय विधान चुकीचे होते का? आमच्या मते या पुस्तकाचा वाचक इथेच घसरण्याचा संभव आहे. डॉक्टरांनी काहीतरी बनाव केला असे त्याला वाटू शकते. विधान खरे होते. निरोगी प्रौढाची प्लीहा साधारण दीडशे ग्रॅमची असते आणि डाव्या बरगड्यांच्या आड सुरक्षित असते. पोट चाचपून ती सहसा हाताला लागत नाही. हिवतापात रक्तातल्या बाधित तांबड्या पेशी गाळून काढण्याचे काम तिच्यावर पडते. वारंवार ताप येत राहिला तर ती अनेक पटींनी वाढते, बरगड्यांच्या आडोशातून खाली उतरते आणि तिच्यावरचे आवरण ताणले जाते. अशी प्लीहा हलक्या आघाताने फुटते, क्वचित आघाताशिवायही फुटते. हिवतापाचा परजीवी लाव्हरां यांना १८८० साली दिसला. डासाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला दाखवला. म्हणजे आग्र्याच्या डॉक्टरांना कारण ठाऊक नव्हते, पण जे दिसले ते त्यांनी बरोबर सांगितले होते.

मग चूक कुठे झाली? डॉक्टरांनी 'कशाने मेला' याचे उत्तर दिले. दंडाधिकाऱ्याने ते 'कोणामुळे मेला' याचे उत्तर म्हणून वापरले. १८६० च्या भारतीय दंड संहितेत यावर स्पष्ट तरतूद होती. आजारी माणसाला इजा करून त्याचे मरण लवकर आणले, तर इजा करणाऱ्यानेच मृत्यू घडवला असे मानायचे. पुढे प्रश्न उरतो तो मारणाऱ्याला काय माहीत होते याचा. समोरचा माणूस असा रोगी आहे की फटक्याने मरू शकेल, हे माहीत असूनही इजा करण्याच्या हेतूने मारले, तर संहितेच्या उदाहरणाप्रमाणे तो खून ठरतो. जुन्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ही तरतूद कायम आहे.

आता विसंगती पाहा. या देशात घरोघरी वाढलेल्या प्लीहा आहेत हे बचाव पक्षच सांगत होता. ही गोष्ट इतकी सर्वज्ञात होती, तर साहेबालाही ती माहीत असणार. मग ज्या ज्ञानाने त्याची जबाबदारी वाढायला हवी, त्याच ज्ञानाने ती कमी कशी झाली? कोल्स्की यांच्या पुस्तकाचे मोल हे की असे एकेक प्रकरण मांडून ही विसंगती अपघाती नव्हती हे त्या दाखवतात.

तरी एक उणीव सांगितली पाहिजे. प्लीहेची वैद्यकीय बाजू पुस्तकात आम्हाला तोकडी वाटली. न्यायालयाबाहेर हीच प्लीहा वेगळी साक्ष देत होती. १८४० च्या दशकात डेम्प्स्टर या लष्करी डॉक्टराने यमुनेच्या कालव्यालगतच्या गावांत लोकांची पोटे चाचपून वाढलेल्या प्लीहांचे प्रमाण काढले, आणि त्यावरून कोणत्या भागात हिवताप जास्त आहे ते ठरवले. प्लीहा-दर हे माप पुढे जगभर वापरले गेले. एकच अवयव सर्वेक्षणात सरकारच्या कालव्याला जाब विचारत होता आणि न्यायालयात साहेबाची सुटका करत होता. प्लीहा तीच, फरक विचारलेल्या प्रश्नात. हे दोन धागे एकत्र आणले असते तर पुस्तकाचा युक्तिवाद अधिक भक्कम झाला असता.

पेल्यातला सोमल

अर्नोल्ड यांचे पुस्तक अधिक विस्तृत आहे. बाजारात सहज मिळणारी विषे, त्यांची भीती, सरकारी रासायनिक विश्लेषक, विषविक्रीवरचे कायदे आणि शेवटी भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेपर्यंतचा प्रवास त्यात आहे. त्याच्या शेजारी आम्ही बडोद्याचा खटला ठेवून पाहिला, कारण मराठी वाचकाला तो जवळचा आहे.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी सकाळी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले. त्यांना मळमळले. उरलेले सरबत त्यांनी ओतून दिले, तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी आणि नंतर मुंबईच्या सरकारी रासायनिक विश्लेषकांनी तो तपासला. त्यात सोमल म्हणजे आर्सेनिक आढळले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारे कठीण कण दिसले. ती हिऱ्याची पूड असावी असे मत देण्यात आले. हिरकणी गिळून प्राण देण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. वास्तविक हिरा हा शुद्ध कार्बन, पोटात तो विरघळत नाही आणि त्याने विषबाधाही होत नाही. घातक होता तो सोमल.

आर्सेनिक ओळखण्याची त्या काळची नामांकित चाचणी जेम्स मार्श यांची, १८३६ सालची. जस्त आणि आम्ल यांपासून हायड्रोजन तयार होतो. नमुन्यात आर्सेनिक असेल तर त्या वायूबरोबर आर्सिन वायू निघतो. तो पेटवून ज्योतीवर थंड चिनी मातीची बशी धरली की काळपट चकाकता डाग पडतो. चाचणी अतिशय संवेदनशील आहे, आणि हाच तिचा धोकाही आहे. जस्तात किंवा आम्लातच आर्सेनिकचा अंश असेल तर निर्दोष नमुनाही दोषी ठरतो. म्हणून आधी नमुन्याशिवाय कोरी चाचणी करावी लागते. फ्रान्समध्ये १८४० साली मारी लाफार्ज हिच्या खटल्यात स्थानिक रसायनज्ञांची उत्तरे एकमेकांशी जुळेनात, तेव्हा पॅरिसहून ओर्फिला यांना बोलावावे लागले.

बडोद्यात पेल्यातल्या आर्सेनिकाविषयी फारसा वाद नव्हता. वाद होता ते कोणाच्या सांगण्यावरून पडले याचा. तो दुवा रेसिडेन्सीतल्या नोकरांच्या जबाबांवर उभा होता, आणि त्यांतल्या मुख्य साक्षीदारांना माफी देऊन बोलते केले होते. मल्हारराव गायकवाडांच्या चौकशीसाठी सहा जणांचा आयोग नेमला गेला. १८७५ साली त्याचे मत समसमान फुटले. तिघा इंग्रज सदस्यांनी आरोप सिद्ध मानला. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांनी तो सिद्ध मानला नाही. सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले ते गैरकारभाराचे कारण देऊन. त्यांच्या जागी त्याच वर्षी आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा गादीवर आला, तो पुढे सयाजीराव महाराज म्हणून ख्यातनाम झाला.

सहाही जणांपुढे रासायनिक अहवाल एकच होता, तरी निष्कर्ष दोन निघाले. यावरून अहवाल निरुपयोगी होता असे ठरत नाही. अहवालाचे उत्तर जिथे संपले तिथून पुढचा प्रश्न सुरू झाला, आणि तिथे रसायनशास्त्र मदत करू शकत नव्हते. साक्षीदारावर विश्वास कोण ठेवतो, कोण ठेवत नाही, यावर सगळे येऊन ठेपले.

ही पोकळी पूर्वग्रहांनी कशी भरली जाते, हे अर्नोल्ड उत्तम दाखवतात. नॉर्मन शेव्हर्स यांनी १८५६ साली बंगालसाठी लिहिलेला न्यायवैद्यकाचा ग्रंथ घ्या. वैद्यकीय निरीक्षणांनी तो समृद्ध आहे, पण प्रत्येक समाजाचे गुन्हे त्याच्या स्वभावातून येतात आणि विषप्रयोग हा हिंदी स्वभावाचा भाग, अशा समजुतीचा पाया त्याला आहे. अशा ग्रंथांवर डॉक्टरांच्या आणि दंडाधिकाऱ्यांच्या पिढ्या वाढल्या. इथे आमचा आक्षेप कोल्स्कींवरच्या आक्षेपासारखाच आहे. सत्तेची बाजू अर्नोल्ड बारकाईने उलगडतात, पण चाचण्या नेमक्या कशा चालत आणि कुठे फसत, हे सांगायला तितकी जागा देत नाहीत. ज्याला रसायनशास्त्राची ओळख नाही त्याचा समज होईल की प्रयोगशाळा म्हणजे सत्तेचे आणखी एक हत्यार, त्यापलीकडे काही नाही. तसे असते तर समान अहवाल हाती घेऊन तिघा हिंदी सदस्यांना आपले स्वतंत्र मत देताच आले नसते.

वर्गात काय न्यावे

दोन्ही पुस्तके शिक्षकाने वाचावीत असे आम्ही निःशंकपणे सुचवतो. मराठीत ती आली तर अधिकच चांगले. मात्र वाचताना दोन टोके टाळावीत. 'शास्त्राने सांगितले म्हणजे संपले' हे एक टोक, आणि 'शास्त्र काय, ज्याची सत्ता त्याचे' हे दुसरे. आग्र्याला पहिल्या टोकाने अन्याय झाला. दुसऱ्या टोकाला गेलो तर तो अन्याय दाखवून देण्याचे साधनच आपल्या हातून जाते. दंड संहितेतला नियम आणि प्लीहेविषयीचे खरे ज्ञान यांच्या आधारानेच आज आपण तो निकाल चुकीचा म्हणू शकतो.

वर्गासाठी एक साधा प्रयोग सुचवतो. तीन पेले घ्या. एकात नुसते पाणी, दुसऱ्यात स्टार्च कालवलेले पाणी, तिसऱ्यात मुलांच्या नकळत दोहोंपैकी एक भरा. प्रत्येकात आयोडीनच्या द्रावणाचे दोन थेंब टाकायला सांगा. स्टार्च असेल तिथे निळा-काळा रंग येईल. साध्या पाण्याचा पेला ही आपली कोरी चाचणी. मग फळ्यावर दोन रकाने आखा. पहिल्यात 'चाचणीने काय कळले' आणि दुसऱ्यात 'काय कळले नाही'. स्टार्च आहे की नाही हे पहिल्या रकान्यात जाईल. ते कोणी टाकले, केव्हा टाकले, मुद्दाम की चुकून, हे सगळे दुसऱ्यात जाईल. त्यानंतर मुलांना कतवारूची किंवा पपनसाच्या सरबताची गोष्ट सांगा आणि तेच दोन रकाने पुन्हा भरायला लावा.

हा खेळ आज पूर्वीपेक्षा अधिक गरजेचा आहे. २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे बंधनकारक व्हायचे आहे, आणि त्यासाठी राज्यांना मुदत दिलेली आहे. नाशिकलाही प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तिथून आलेला अहवाल वर्तमानपत्रात छापून आला की आपण चहा पिता पिता निकाल देऊन मोकळे होतो. उद्या आपल्याच वर्गातला कोणी डॉक्टर होईल, कोणी फौजदार, कोणी न्यायाधीश, आणि एखादा निरपराध आरोपीही असू शकेल. दुसरा रकाना रिकामा ठेवायची सवय त्यांना शाळेत लागू नये, एवढीच आमची विनंती आहे.