पुलापुढची दुर्बीण

इशापूरची २ए१ ही रायफल दुरून पाहिली तर आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’च वाटते. तोच बोथट शेंडा, नळीवर टोकापर्यंत चढवलेलं तेच लाकूड, चापाजवळ खाली वळलेली बोल्टची तीच मूठ. फरक कळतो मॅगझीनपाशी: जुन्या रायफलीचं मॅगझीन तिरकं उतरतं, हिची चौकोनी पेटी आहे. १९६२च्या चीन युद्धानंतर पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्डचाच, म्हणजे त्या जुन्या थ्री नॉट थ्रीचाच, घाट कायम ठेवून, पोलाद अधिक कणखर वापरून, ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसासाठी ती घडवली गेली. पुढे सरकारी वापरातून निघालेल्या या रायफली अमेरिकेत विकल्या गेल्या आणि तिथल्या हौशी लोकांनी त्या हरणांच्या शिकारीसाठी हाती घेतल्या. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आवर घातला होता. अमेरिकेत मात्र काहींनी हिच्यावर दुर्बीण बसवली, आणि तीही नेहमीसारखी बोल्टच्या डोक्यावर नाही, तर पुढे, नळीवर. मला ही रचना फार देखणी वाटते, आणि तिचं देखणेपण तिच्या कारणात आहे.

ते कारण म्हणजे बोल्टच्या वाटेवरून आडवा गेलेला एक छोटा पोलादी पूल. पाच काडतुसांची पट्टी त्याच्या खाचेत उभी करायची आणि अंगठ्याच्या एका दाबात पाचही काडतुसं मॅगझीनमध्ये उतरवायची, एवढंच त्याचं काम. पण ली-एनफिल्डचा वेग ज्या गोष्टींवर उभा आहे त्यांत हा पूल येतो. त्याच्यावर दुर्बीण आली की पट्टीची वाट बंद. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी यावर तोडगा म्हणून दुर्बीण डावीकडे सरकवली. पूल मोकळा राहिला, पण नेमबाजाची मान वाकडी झाली आणि गाल दस्त्यावरून सुटला. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर ४ (टी) रायफलीवर दुर्बीण पुन्हा मध्यावर आली. आता नेम सरळ लागे, पण काडतुसं एकेक करून भरावी लागत, आणि डोळा उंच गेल्यामुळे गालासाठी दस्त्यावर लाकडाचा वेगळा तुकडा जोडावा लागला. दोन्ही वेळा काहीतरी मिळालं आणि काहीतरी हातचं गेलं.

पुलाच्या पुढे मात्र एक जागा मोकळीच होती. २ए१ची मागची साईट, म्हणजे नेम धरायची पट्टी, पुलाच्या बरीच पुढे, नळीवर बसवलेली आहे. ती पट्टी काढून तिथेच बसणारी बैठक मिळते, पोलादाला नवं भोक पाडावं लागत नाही. जर्मनांनी १९४१च्या सुमाराला कराबिनर ९८के या रायफलीवर साईटपाशीच झेडएफ४१ ही दीड पट मोठं दाखवणारी चिमुकली दुर्बीण लावली होती. तिच्यात दिसे फार थोडं, म्हणून ती कुणाला फारशी आवडली नाही. जागा योग्य होती, काच अपुरी होती.

ही जागा कशासाठी चांगली, हे नीट मांडलं जेफ कूपरने. अमेरिकन मरीन दलातला हा माणूस ॲरिझोनात गनसाइट ही नेमबाजीची शाळा चालवत असे. १९८३ आणि १९८४मध्ये त्याने तिथे जाणकारांना बोलावून ‘स्काउट’ रायफलीचं रूप ठरवलं: एकट्याने रानात फिरणाऱ्या माणसाची रायफल, वजन तीन ते साडेतीन किलो, लांबी एक मीटरच्या आत, आणि पुढे बसवलेली कमी ताकदीची दुर्बीण. १९९८मध्ये ऑस्ट्रियाच्या श्टायरने ती प्रत्यक्षात आणली.

कूपरचं म्हणणं काय होतं, ते रायफल खांद्याला लावली की कळतं. नेहमीची दुर्बीण डोळ्यापासून आठ-नऊ सेंटिमीटरवर असते आणि सगळी दृष्टी व्यापून टाकते. ही तेवीस-पंचवीस सेंटिमीटरवर असते. डोळ्यासमोर रान जसंच्या तसं उभं राहतं आणि त्यात एका छोट्या खिडकीत हरीण जरा जवळ आलेलं दिसतं. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. मोठं दाखवण्याची ताकद अडीच पटीच्या आसपास असेल तर दोन डोळ्यांची दोन चित्रं मेंदू सहज जुळवतो. चार पटीला ती भांडू लागतात. अडीच पट ताकद आणि पुढची काच २८ मिलिमीटर, तर डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत ११.२ मिलिमीटर रुंद. माणसाची बाहुली अंधारातसुद्धा सात मिलिमीटरच्या आसपासच उघडते. म्हणजे डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र तुटत नाही. धावत्या सावजावर घाईने रोखताना हीच मोकळीक कामी येते. म्हणून या जागेसाठी ताकद वाढवण्याचा मोह मला चुकीचा वाटतो: प्रत्येक पटीमागे खिडकी आणि मोकळीक दोन्ही आक्रसतात. पिस्तुलाची दुर्बीणही इथे नको. ती हात लांब करून पाहण्यासाठी केलेली असते, ती लावायची तर आणखी शेंड्याकडे न्यावी लागेल.

दुर्बीण पुढे गेली की ती खाली, नळीला जवळजवळ टेकून बसू शकते, कारण तिथे बोल्टच्या मुठीला वाट द्यायची नसते. ली-एनफिल्डचा दस्ता उघड्या साईटसाठी उतरता केलेला आहे, त्याला हीच उंची मानवते आणि गाल लाकडावर टिकतो. धक्क्याने काच भुवईवर आदळायची भीती राहत नाही. आणि चालताना रायफल मधोमध, तोलाच्या जागी, मुठीत धरता येते. दिवसभर रान तुडवणाऱ्याला याची किंमत कळते.

उणिवा आहेतच. सूर्य पाठीमागे असला की मागच्या काचेवर झळाळी येते आणि चित्र विरघळतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला, हरणं बाहेर पडतात त्याच वेळी, खिडकी मलूल होते. साईटची पट्टी गेल्याने काच फुटली तर नेमासाठी काहीच उरत नाही, आणि कूपरने तर दुर्बिणीच्या जोडीला उघडी साईट हवीच म्हटलं होतं. शिवाय चार किलोंवर वजन आणि १.१३ मीटर लांबी घेऊन २ए१ त्याच्या कसोटीला उतरत नाही. काहीजण म्हणून नळी कापतात. मला ते रुचत नाही. ७.६२च्या काडतुसाचा धक्का हेच वजन पचवतं, आणि फार दूरवर नेम धरावा लागत नाही अशा दाट रानात ही लांबी माणसाला अडवत नाही.

तेव्हा अडीच पटीची, नेमाच्या जाड तारांची, पण मध्याशी तार बारीक होणारी दुर्बीण घ्यावी आणि ती कड्यांमध्ये सैल ठेवावी. रायफल रिकामी असल्याची खात्री करून डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. काचेच्या कडेला काळी कड दिसली तर दुर्बीण थोडी पुढे किंवा मागे सरकवावी, हिवाळी जाड कोट घालून पुन्हा पाहावं, कारण कोटाच्या जाडीने डोळा मागे जातो. दोन्ही वेळा चित्र पूर्ण दिसलं की मगच स्क्रू आवळावेत.