‘रॉकी’ : संधी देणारा कोण?

गेल्या महिन्यात वसतिगृहातल्या मुलांबरोबर मी ‘रॉकी’ पुन्हा पाहिला. शेवटच्या फेरीत मुले उठून उभी राहिली. टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. दिवे लागल्यावर पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा मला म्हणाला, ‘‘सर, आपल्यालाही असा एक चान्स मिळायला पाहिजे. मग दाखवू.’’ त्याचे डोळे भरून आले होते. त्याला काय उत्तर द्यावे ते मला तेव्हा सुचले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

‘रॉकी’ १९७६ चा. कथा सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांची, नायकही तेच. दिग्दर्शक जॉन अॅव्हिल्डसन. त्या वर्षीच्या उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीतला रॉकी बाल्बोआ सावकारासाठी वसुली करतो आणि फुटकळ लढतींत ठोसे खातो. जगज्जेत्या अपोलो क्रीडचा प्रतिस्पर्धी जखमी होतो. ऐनवेळी दुसरा तयार मल्ल मिळत नाही. तेव्हा अपोलो यादीत बोट फिरवतो आणि ‘इटालियन स्टॅलियन’ या टोपणनावावर थांबतो. अमेरिका शोधणारा इटालियनच होता. जाहिरातीला हे बरे! रॉकीला बोलावणे येते तेव्हा, सरावात ठोसे खायला माणूस हवा असेल, एवढेच त्याला वाटते.

हे वर्ष लक्षात घेतले पाहिजे. १९७४ साली निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला होता. १९७५ साली व्हिएतनाममधला पराभव पूर्ण झाला होता. आणि १९७६ साली अमेरिकन स्वातंत्र्याची दोनशे वर्षे साजरी होत होती. मान खाली गेलेल्या राष्ट्राला आरशात चांगला चेहरा पाहायचा होता. ‘रॉकी’ने तो दाखवला. हा संधीचा देश आहे. इथे कुणीही, कुठूनही, घाम गाळून वर येऊ शकतो. अपोलो रिंगणात येतो तोच जॉर्ज वॉशिंग्टनच्या वेषात.

या आशावादाला मी सरसकट खोटे म्हणणार नाही. रॉकी जिंकत नाही, हे विसरता कामा नये. पंधरा फेऱ्या पायांवर उभे राहायचे, आपण वस्तीतला आणखी एक नालायक नाही हे स्वतःपुरते सिद्ध करायचे, एवढेच त्याचे मागणे आहे. दारूच्या गुत्त्यात मालक अपोलोला वंशद्वेषी शिवी देतो तेव्हा रॉकी त्यालाच सुनावतो. ज्याला आयुष्यभर हिणवले गेले, त्याला पंधरा फेऱ्यांचा अर्थ कळतो. मुले रडली ती उगाच नाही.

पण प्रश्न असा आहे : या चित्रपटात संधी कोण देतो आणि कुणाला देतो? देणारा काळा आहे, घेणारा गोरा. काळा माणूस श्रीमंत, मिजासखोर, वकील-सल्लागारांच्या गराड्यात. गोरा माणूस गरीब, एकटा, सच्चा. तालीमखान्यात रॉकीचे कपाट काढून घेतात, तेही एका काळ्या पोराला देण्यासाठी. अन्यायाचा इतिहास असा उलटा टांगला जातो. नागरी हक्कांच्या लढ्याला उणीपुरी दहा-बारा वर्षे झाली होती, आणि पडद्यावर वंचित ठरला तो गोरा! ‘आमच्या जागा यांनी घेतल्या’ ही तक्रार आपल्या कानांना नवी आहे काय?

वास्तवात काय होते? २४ मार्च १९७५ रोजी चक वेपनर हा गोरा मुष्टियोद्धा मुहम्मद अलीपुढे पंधराव्या फेरीपर्यंत टिकला. त्या लढतीतून स्टॅलोनना कथा सुचली. पण त्या अलीचे पुढे काय केले? १९६७ साली त्याने व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला, म्हणून त्याचे जगज्जेतेपद काढून घेतले गेले. साडेतीन वर्षे त्याला रिंगणात उतरू दिले नाही. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. अलीचे शब्द, अलीचा डौल अपोलोत आहे. अलीचा नकार मात्र नाही. विद्रोह काढून घेतला आणि बडेजाव ठेवला.

ज्यो फ्रेझरची गोष्ट तर अधिक बोचरी आहे. साऊथ कॅरोलायनातल्या गरीब शेतकरी कुटुंबातला हा काळा मुलगा उत्तरेत आला, फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात राबला आणि जगज्जेता झाला. तिथे लटकत्या मांसावर आपण ठोसे मारत असू, असे तो सांगे. रॉकीही मांसावरच ठोसे मारतो. आणि फ्रेझर त्या चित्रपटात दिसतो तो कसा? रिंगणात येऊन हस्तांदोलन करणारा पाहुणा म्हणून! १९८२ च्या तिसऱ्या भागासाठी केलेला रॉकीचा कांस्यपुतळा शहराला मिळाला. फ्रेझर २०११ साली वारला. त्याचा पुतळा त्या शहरात उभा राहायला २०१५ साल उजाडले. जो कधी जन्मलाच नाही त्याला आधी, जो त्याच शहरात राबला त्याला मागाहून.

आता त्या मुलाकडे वळतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. अमेरिकेकडून आपण घेतलेच आहे; पण रॉकीची अमेरिका नव्हे. रॉकी संग्रहालयाच्या पायऱ्या चढतो तो एकटा. माथ्यावर हात उंचावतो तोही एकटा. त्याची वस्ती खाली होती तिथेच, सावकार होता तिथेच. १९२७ साली महाडला चवदार तळ्याकडे हजारो पावले एकदम चालली. तळे कुणी चान्स म्हणून दिले नव्हते. पाणी आमच्या हक्काचे होते.

चान्स देणारा तो परतही घेतो. शिवाय चान्स एकालाच मिळतो. उरलेल्यांना तुम्ही मेहनत केली नाही असे ऐकावे लागते. गुणवत्तेच्या नावाने आपल्या मुलांना रोज तेच ऐकवले जाते.

म्हणून मित्रा, ‘रॉकी’ पुन्हा पाहा. टाळ्याही वाजव. पंधरा फेऱ्या टिकायची जिद्द त्याच्याकडून जरूर घे. फक्त यादीत कुणाचे बोट आपल्या नावावर थांबेल याची वाट पाहू नकोस. ती यादी कुणी केली, हे आधी विचार. आणि विचारायला एकटा जाऊ नकोस.