हा कॅसल कुठला?

शीर्षक वाचून दोन जुने विद्यार्थी मला दारातच म्हणाले, "सर, तुम्ही आणि डिस्नेलँड?" (हशा) त्यांचं बरोबर आहे. मी आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवली, आणि आज मी जे बोलणार आहे ती एका परीने माझ्याच एका चुकीची कबुली आहे.

उत्तर-आधुनिकतावाद शिकवताना मी ज्याँ बोद्रियार यांच्यावर एक तास घेत असे. त्यांचं १९८१चं पुस्तक, त्यातली डिस्नेलँडवरची ती प्रसिद्ध पानं, आणि 'मूळ नसलेली नक्कल' ही कल्पना. पडद्यावर एक चित्र लावायचो. निळ्या छपरांचा, उंच टोकदार मनोऱ्यांचा एक कॅसल, खाली ओळ : 'डिस्नेलँड, कॅलिफोर्निया'. पंधरा एक वर्षं तरी ही स्लाइड चालली. निवृत्तीनंतर एका ऑनलाइन व्याख्यानात ती परत लावली, तेव्हा न्यू जर्सीहून माझी नात ऐकत होती. नऊ वर्षांची. संपल्यावर म्हणाली, "आजोबा, हा कॅलिफोर्नियाचा नाहीये. हा फ्लोरिडाचा. कॅलिफोर्नियाचा एवढुसा आहे."

म्हणजे बघा, ज्या वस्तूला मी पंधरा वर्षं 'केवळ प्रतिमा' म्हणून हिणवत होतो, ती मी एकदाही नीट पाहिली नव्हती. आता पाहिली आहे. प्रत्यक्ष दोन ठिकाणी, बाकी छायाचित्रांत आणि आराखड्यांत.

एक शब्दाचा खुलासा करतो. मी 'किल्ला' म्हणणार नाही. आपल्याकडे किल्ला म्हटलं की तट, बुरूज, माची, पाण्याची टाकी डोळ्यांपुढे येतात. दिवाळीत पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात त्यातसुद्धा पायऱ्या, टाकी, मावळे असतात. तिथे यातलं काही नाही. राजवाडा म्हणावं तर राहायला कोणी नाही. तेव्हा 'कॅसल'च बरा.

तर कॅसल किती? कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम इथे १९५५, फ्लोरिडात १९७१, टोकियोजवळ १९८३, पॅरिसजवळ १९९२, हाँगकाँग २००५ आणि शांघाय २०१६. सहा उद्यानं, सहा कॅसल. लोक ते ओळखतात कसे? बहुतेक जण रंगावरून नाही तर नावावरून. इथे आपल्या नैयायिकांनी सांगितलेले लक्षणाचे तीन दोष एकापाठोपाठ सापडतात.

'गुलाबी तो कॅलिफोर्नियाचा' म्हणाल, तर पॅरिसचाही गुलाबी आहे. अतिव्याप्ती. 'स्लीपिंग ब्यूटीचा तो बुटका' म्हणाल, तर पॅरिसचाही स्लीपिंग ब्यूटीचाच, आणि तो चांगला उंच आहे. अव्याप्ती. आणि 'स्लीपिंग ब्यूटी चित्रपटातून उचलला तो अ‍ॅनाहाइमचा' असं म्हणाल तर थेट असंभव, कारण कॅसल उभा राहिला १९५५ साली आणि चित्रपट आला १९५९ साली! नाव आधी लागलं, गोष्ट पडद्यावर नंतर आली.

रंगाचं तर विचारूच नका. फ्लोरिडाचा मूळचा राखाडी-पांढरा कॅसल १९९६ साली, उद्यानाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी, चक्क गुलाबी केक करून ठेवला होता. २०२० साली पन्नाशीच्या तयारीत पुन्हा गुलाबी छटा चढवली. देवदत्ताचं घर कुठलं, तर ज्यावर कावळा बसला आहे ते, हा दृष्टान्त तुम्हाला आठवत असेल. शास्त्रात याला उपलक्षण म्हणतात. त्या क्षणापुरतं घर ओळखता येतं, पण कावळा उडाला की संपलं. या कॅसलांचा रंग म्हणजे तो कावळा आहे.

मग न उडणारं काय? पहिलं म्हणजे प्रमाण. अ‍ॅनाहाइमचा कॅसल ७७ फूट, फ्लोरिडाचा १८९ फूट. जवळजवळ अडीच पट. माझी नात 'एवढुसा' म्हणाली ते हेच. गंमत अशी, की अ‍ॅनाहाइमचा आहे त्याहून मोठा भासावा म्हणून खालचे दगड मोठे आणि वर जावं तसे लहान केले आहेत. नाटकाच्या पडद्यावर नेपथ्यकार करतात तशी युक्ती. तो रुंद, बसका, दरवाजाभोवती गोळा झालेला आहे. फ्लोरिडाचा उंच चौथऱ्यावर चढलेला, सडपातळ, मान मागे टाकायला लावणारा. पोलाद, काँक्रीट आणि फायबरग्लासचं काम. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की काळ्यापांढऱ्या फोटोतही चूक होत नाही. मी पंधरा वर्षं केली, हा भाग वेगळा.

पॅरिस सगळ्यात सोपा, आणि मला सगळ्यात आवडलेला. तिथल्या आरेखकांपुढची अडचण विचार करण्यासारखी होती. खरेखुरे कॅसल मोटारीने काही तासांवर असताना खोटा कोणाला दाखवायचा? त्यांनी अस्सलपणाशी स्पर्धाच सोडून दिली. माँ-साँ-मिशेलसारखा वर निमुळता होत जाणारा, वास्तवात कुठे नसेल असा आकार घेतला. भोवतीची झाडं चौकोनी कापली, त्या १९५९च्या चित्रपटातल्या पार्श्वभूमीसारखी. आणि तळघरात एक ड्रॅगन ठेवला, साखळीने बांधलेला, झोपेत हलणारा. चौकोनी झाडं दिसली की पॅरिस. शांघायचाही ओळखू येतो. सगळ्यांत मोठा, कुठल्याही एका राजकन्येचा नाही, सर्वांत उंच कळसावर सोनेरी पिओनीचं फूल आणि पोटातून जाणारा बोटींचा प्रवाह. एकाच इमारतीत सगळ्यांना खूश करायचं म्हटलं की जे होतं ते झालं आहे. असो.

खरी कसोटी जोड्यांची आहे. टोकियोचा कॅसल सिंड्रेलाचा, फ्लोरिडाचाही सिंड्रेलाचा, आराखडा जवळपास तोच. टोकियोचा ५१ मीटर, म्हणजे थोडा कमी, पण एकट्या फोटोत तेवढा फरक डोळ्यांना कळत नाही. इथे कॅसलकडे बघून भागत नाही, भोवती बघावं लागतं. फ्लोरिडात कॅसलकडे जाणारा रस्ता उघडा आहे. टोकियोत पावसापाण्याचा विचार करून त्यावर काचेचं छत घातलं, त्यामुळे कॅसल पहिल्यांदा दिसतो तो छताच्या चौकटीतून. हाँगकाँगचा २००५चा कॅसल ही अ‍ॅनाहाइमची प्रतिकृती. वीस वर्षांपूर्वीचा फोटो हाती आला तर मागे बघा. लांताऊ बेटाचे हिरवे डोंगर असतील तर हाँगकाँग. भेद वस्तूत नसून तिच्या स्थानात आहे, हे लायब्निझला फारसं रुचलं नसतं, पण आहे खरं.

आता कोणी म्हणेल, आणि मागच्या आठवड्यात एका मित्राने म्हटलंच, की सहाही नकलाच ना? मग हा कोणता आणि तो कोणता, काय फरक पडतो? माझं उत्तर असं आहे, की बोद्रियार यांची कल्पना या कॅसलांवर टिकते की नाही, हे त्याच फरकावर ठरतं. त्यांच्या पानांत समुद्री चाचे आहेत, गर्दी आहे, गाड्यांचा तळ आहे. इमारतींपुढे थांबणं नाही. थांबलं तर काय दिसतं? टोकियोच्या कॅसलला मूळ आहे. ते फ्लोरिडात आहे, १९७१ सालचं, पत्त्यासकट. हाँगकाँगच्याला मूळ आहे, अ‍ॅनाहाइममध्ये. इतका सरळ मूळ-नक्कल संबंध तर आपल्या मूर्तिकलेतही नेहमी सापडत नाही. शिवाय हाँगकाँगमध्ये २०१८ नंतर जुन्या कॅसलच्या अंगावरच नवे मनोरे चढवले आणि २०२० साली तो वेगळ्या नावाने उघडला. मूळ कायम आणि नक्कल बदलून स्वतंत्र झाली. याला 'मूळ नसलेली नक्कल' कसं म्हणणार?

अ‍ॅनाहाइमची वंशावळ जरा गुंतागुंतीची. त्याच्या मागे बव्हेरियातला नॉइश्वानस्टाइन आहे, हे सगळे सांगतात आणि तिथेच थांबतात. पण दुसऱ्या लुडविग राजाचा तो कॅसल १८६९ साली पायाभरणी झालेला, आतून विटांचा, बाहेरून चुनखडीचा, गरम हवेची आणि नळाच्या पाण्याची सोय असलेला. त्याची कल्पनाचित्रं काढली होती क्रिस्टियान यांक यांनी, आणि ते होते रंगभूमीचे चित्रकार! १८८६ साली राजा वारला आणि काही आठवड्यांतच तिकीट लावून लोकांना आत सोडलं. मग अस्सल कुठला आणि देखावा कुठला? इथे मात्र बोद्रियार यांचं पारडं थोडं जड होतं, हे मी मान्य करतो. पण ते बव्हेरियाच्या बाबतीत. टोकियोला तोच न्याय लावता येणार नाही.

ती स्लाइड मी टाकून दिलेली नाही. खालची ओळ तेवढी दुरुस्त केली. आणि शेजारी आणखी एक चित्र लावलं आहे, २००६पासून त्या कंपनीच्या चित्रपटांच्या सुरुवातीला येतो तो संगणकावर घडवलेला कॅसल. नातीला विचारलं, हा कुठला गं? तिने बराच वेळ बघितलं. म्हणाली, "वरचा सिंड्रेलासारखा आहे, पण सगळा नाही. हा कुठेच नाहीये, आजोबा. हा फक्त पिक्चरमध्ये आहे." बोद्रियार यांच्या तासाला मी आता हेच चित्र लावतो.

प्रश्न असतील तर घेऊ या.