काळे पाणी आणि निळे पाणी

सुट्टी संपून महाविद्यालये उघडली की आमच्या मेजावर उत्तरपत्रिकांच्या जोडीला आणखी एक प्रकारचे लिखाण येऊन पडू लागते. ते म्हणजे अंदमानाची प्रवासवर्णने. पूर्वी सोलापूरचे मध्यमवर्गीय कुटुंब सुट्टीत फार तर महाबळेश्वरास किंवा कोकणात जाई. आता ते विमानाने बंगालचा उपसागर ओलांडते, त्या द्वीपमालिकेत आठ दिवस राहून येते, आणि परतल्यावर घरातील कोणी तरी लेखणी हाती धरते. आम्ही साहित्याचे अध्यापक असल्यामुळे ती हस्तलिखिते अभिप्रायार्थ आमच्याकडे येतात. आजवर ‘शैली ओघवती आहे’ असा तोंडदेखला अभिप्राय देऊन आम्ही आपली सुटका करून घेत आलो. परंतु तसे करणे आता आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटू लागले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

या वर्णनांची घडण बहुधा एकच असते. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्रीविजयपुरम्, येथील सेल्युलर कारागृह. तेथे लेखकाचे डोळे पाणावतात. दुसऱ्या दिवशी हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचे स्वराज द्वीप. तेथे राधानगरच्या पुळणीवर तेच डोळे दिपतात. पुढे काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळदर्शन, मग बाराटांगची चुनखडीची गुहा, आणि शेवटी ‘स्वर्ग म्हणतात तो हाच’ असा समारोप. काळे पाणी आणि निळे पाणी एकाच वहीत शेजारी शेजारी नांदतात, पण त्यांची एकमेकांशी ओळख होत नाही. सकाळी हुंदका, दुपारी शंखशिंपले! माणसाने सहलीस जाऊन आनंद मानू नये असे म्हणण्याइतके आम्ही अरसिक नाही. आमची तक्रार आहे ती पाहिल्यावाचून लिहिण्याविषयी.

उदाहरणार्थ, नारळाचे झाड घ्या. मराठी वाचकाच्या मनात अंदमान ठसठशीतपणे उभे केले ते विनायक दामोदर सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ या १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने. ग्रंथकाराच्या राजकारणाविषयी वाचकाचे मत काहीही असो. येथे आम्ही त्या ग्रंथाकडे केवळ वाङ्मय म्हणून पाहत आहोत. १९११ च्या जुलैत ते त्या बेटावर उतरले आणि १९२१ मध्ये तेथून परत आणले गेले. नारळाच्या सोडणांचा काथ्या कुटणे आणि कोलूस जुंपून घेऊन दिवसाकाठी तीस पौंड तेल काढणे, ही तेथील बंदिवानांची कामे होती. निष्फळ चर्चेस आपण सहज ‘काथ्याकूट’ म्हणतो. ‘माझी जन्मठेप’ वाचल्यावर तो शब्द हाताला फोड आणतो. आता आमच्या हस्तलिखितांतील नारळ पाहा. तो वाऱ्यावर डोलतो, चंद्रप्रकाशात चमकतो आणि शहाळे देऊन अंतर्धान पावतो. कारागृहाच्या सात बाहूंपैकी तीनच उरले आहेत, कोठड्या सुमारे सातशे होत्या, हे आकडे मार्गदर्शकाच्या तोंडून उतरून घेतलेले असतात. परंतु सकाळी ज्याच्या काथ्याची कथा ऐकून डोळे भरले, तेच झाड सायंकाळी आपल्या डोक्यावर डोलत आहे, एवढी साधी गोष्ट एकाही लेखकाच्या ध्यानात येऊ नये, याचे आम्हांस नवल वाटते.

याचे कारण आम्हांस असे दिसते की, बेट म्हणजे रिकामी जागा, ही समजूत आपण इंग्रजी पुस्तकांबरोबर उचलली. डॅनिएल डिफोचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ साली निघाला, तेव्हापासून बेट हे कोणी तरी येऊन उतरण्याची वाट पाहत असते. तरी क्रूसो बरा म्हणावयाचा! तो दिवस मोजतो, धान्याचे दाणे मोजतो, आणि वाळूत एका परक्या पावलाचा ठसा पाहून दचकतो. आमच्या प्रवाशांना वाळूत स्वतःच्याच पावलांचे ठसे दिसतात आणि ते त्यांचे छायाचित्र घेतात.

अंदमान कधीच रिकामे नव्हते. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ साली, इंग्रजांनी तेथे बंदिवानांची वसाहत घातली, त्यापूर्वी हजारो वर्षे तेथे माणसे राहत होती. १८५९ साली त्यांनी ॲबर्डीन येथे इंग्रजांवर हल्ला केला आणि त्यांचा पराभव झाला. पुढे जे राहिले त्यांतील बहुतेकांना बाहेरून आलेल्या रोगांनी नेले. ग्रेट अंदमानी म्हणून जो समाज हजारोंनी मोजला जाई, तो काही थोड्या डझनांवर आला. २०१० च्या जानेवारीत बोआ नावाची सुमारे पंच्याऐंशी वर्षांची वृद्धा वारली आणि ‘बो’ भाषा बोलणारे कोणीही उरले नाही. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे, एवढाच काय तो दिलासा. अखेरच्या वर्षांत आपल्या भाषेत उत्तर देणारे माणूस त्या वृद्धेस नव्हते. मराठीच्या भवितव्याविषयी सभा भरवणाऱ्या आम्हां लोकांस हे वृत्त कळल्यावर त्या बेटांचा निळा रंग पूर्वीइतकाच निळा दिसेल काय?

परंतु याहूनही दुःखद असा एक प्रकार आहे. एका सुविद्य गृहस्थांच्या वर्णनात आम्ही असे वाक्य वाचले की, त्या दिवशी त्यांनी ‘चुनखडीची गुहा, चिखलाचा ज्वालामुखी व जारवा’ पाहिले. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. दोष त्यातील ‘व’ या अक्षरात आहे. १९५६ च्या नियमनाने ज्यांच्या भूमीस संरक्षण दिले, ज्यांचे छायाचित्र घेण्यास मनाई आहे, ती माणसे या ‘व’ने गुहेच्या आणि चिखलाच्या पंक्तीस बसली. त्यांच्या अरण्यातून जाणाऱ्या रस्त्यावरील चित्रफिती २०१२ साली बाहेर आल्या तेव्हा देशभर संताप उसळला होता. तो संताप मोटारीतून पाहणाऱ्यांविषयी होता. लिहिणाऱ्यांची दृष्टी जर तीच असेल, तर लेखणीने आणखी काय वेगळे केले?

अशा या ढिगाऱ्यात एक हस्तलिखित मात्र आम्ही जपून ठेवले आहे. ते एका गृहिणीचे आहे. भाषा सामान्य, शुद्धलेखन सदोष. पण त्यात एक परिच्छेद असा आहे की, त्यासाठी बाकीची सगळी वर्णने आम्ही द्यावयास तयार आहोत. एप्रिल महिन्यात त्या ज्या खाणावळीत उतरल्या, तेथे मालकिणीने सकाळी दोन बादल्या भरून दिल्या आणि दिवसभर त्यांतच भागवण्यास सांगितले. नळाच्या पाण्याची वाट पाहत जिचा संसार झाला, त्या सोलापूरच्या बाईला बादलीची भाषा तत्काळ समजली. तिने विचारले, तेव्हा कळले की वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही तेथे उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष होते. बेटे अरुंद, उतार तीव्र, ओढे आखूड, आणि साठवण थोडी. पडलेले पाणी धावत समुद्रास मिळते. कोरडे महिने आणि पाहुण्यांची गर्दी नेमकी एकाच वेळी येते. मग मालकिणीने आपले आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालातून निर्वासित म्हणून तेथे कसे आणले गेले, हे हिंदीतून सांगितले. दुसऱ्या दिवशी या बाईंनी दुसरी बादली न वापरता परत केली. परिच्छेद येथेच संपतो. त्यात समुद्राचे नावही नाही. तरी आम्हांस अंदमान दिसले ते त्यातच.

यावर कोणी म्हणेल, सुट्टी ही विश्रांतीसाठी असते. पैसे मोजून गेलेल्या माणसाने तेथे इतिहास आणि जलशास्त्र शिकत बसावे काय? आक्षेप रास्त आहे. ज्यास केवळ विसावा हवा त्याने खुशाल पुळणीवर पडून राहावे. त्याच्याशी आमचे भांडण नाही. परंतु जो लेखणी उचलतो, तो वाचकाकडून वेळ मागतो, आणि त्या बेटाविषयी साक्षही देतो. साक्षीदारास ‘वर्णनातीत’ म्हणून मोकळे होता येत नाही.

आणि हे सांगण्याचा आम्हांस तरी अधिकार काय? काही वर्षांपूर्वी आम्हीही सहकुटुंब तेथे जाऊन आलो होतो. हा लेख लिहिण्यापूर्वी तेव्हाची रोजनिशी काढून पाहिली. समुद्राच्या निळेपणास तीत सात विशेषणे आहेत. तीन दिवस आम्हांस फिरवणाऱ्या नावाड्याचे नाव नाही. तेव्हा वर लिहिलेले सर्व दोष वाचकांनी प्रथम आमच्या पदरी घालावेत.

आमच्या सिद्धेश्वराचे देऊळ तलावाच्या मध्यभागी आहे. परगावचा पाहुणा येतो, ‘पाण्यातले देऊळ किती रमणीय!’ म्हणतो आणि निघून जातो. त्या पाण्याची पातळी उतरू लागली की काठावरच्या माणसाच्या छातीत काय होते, हे त्याच्या गावीही नसते, आणि त्याचे ते कौतुक ऐकून आम्ही मनातल्या मनात चिडतो. अंदमानाविषयी पुढचे पान लिहिण्यापूर्वी आमच्या सोलापूरकर लेखकांनी ती चीड एकदा आठवून पाहावी.