रंग भिंतीचा की घराचा?

रंगाच्या कंपन्यांच्या ॲपमध्ये घराचा फोटो टाकला की एका टॅपवर भिंती पिस्त्या होतात, दुसऱ्या टॅपवर राखाडी. सोय छान आहे. पण या ॲपमागे एक गृहीतक आहे: घर म्हणजे कोरी जागा आणि रंग म्हणजे मालकाची आवड. मला हे गृहीतकच पटत नाही. घराचा बाहेरचा रंग शोभून दिसतो तेव्हा त्यात आवडीपेक्षा भिंतीचा माल, छप्पर, ऊन आणि पाऊस यांचा वाटा मोठा असतो.

पणजीतलं फोंतेन्हास घ्या. रील्समध्ये ते रंगीबेरंगी म्हणून मिरवतं, पण नीट पाहिलं तर तिथले रंग मोजके आहेत: पिवळी माती, गेरू, निळा, थोडा हिरवा. अशी जुनी घरं चुन्याने रंगवली जात. चुना अल्कलीयुक्त असल्यामुळे त्यात टिकतील तेच रंग वापरता येत, म्हणजे मुख्यतः मातीतून मिळणारे. शेजाऱ्यापाजाऱ्यांची आवड जुळली म्हणून गल्ली जुळली असं नाही. सगळ्यांपुढचे पर्यायच थोडे होते. शिवाय खिडक्या-दारांभोवती पांढरी किनार आणि वर कौलांचा तांबडा. ती किनार काढून टाका, तोच पिवळा बटबटीत वाटेल. 'पोर्तुगीज स्टाइल' म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या व्हिलांमध्ये नेमकं हेच चुकतं. निळा रंग उचलला जातो, पण खिडकी सपाट काचेची, छप्पर सपाट स्लॅबचं. रंगाला धरायला काही उरत नाही.

मुंबईतल्या आर्ट डेको इमारतींचा हिशेब वेगळा. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या या इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. त्यांची शैली आडव्या रेषांची: गोलाकार बाल्कन्या, खिडक्यांवरचे पातळ छज्जे, मजल्यामजल्याला फिरणाऱ्या पट्ट्या. इथे रंगाचं काम त्या रेषा वाचता येतील एवढंच. भिंत फिकट, पट्टी थोडी गडद. अख्ख्या इमारतीवर एकच रंग फासला की रेषा बुजतात.

पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या टॉवरांवर याच्या उलट घडतं. तिथे भिंतीला स्वतःची रेषाच नसते, म्हणून चॉकलेटी किंवा केशरी उभा पट्टा मारून ती रंगाने काढली जाते. आर्किटेक्टने जे करायला हवं होतं ते रंगाऱ्याच्या माथी मारलं जातं. तीन-चार पावसाळ्यांत पट्टा विटतो आणि मागची सपाट भिंत पुन्हा उघडी पडते.

खरा पेच कोकणात आहे. जांभा दगडात लोह असतं, म्हणून तो मुळातच तांबूस असतो. हिरव्या झाडीत त्याला आणखी रंगाची गरज नाही. शिवाय तो सच्छिद्र असतो. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, पण प्लॅस्टिकसारखा थर धरणारा रंग ती अडवतो, आणि मग पोपडे सुटतात. म्हणजे सौंदर्य आणि विज्ञान दोन्ही उघड्या जांभ्याच्या बाजूने. लेख इथे संपवता आला असता.

पण पोपटी घर बांधणाऱ्याची बाजू ऐकल्याशिवाय तो संपवू नये. ज्यांच्या मागच्या पिढ्या कुडाच्या भिंतींत, शेणामातीच्या गिलाव्यात राहिल्या, त्यांच्यासाठी गुळगुळीत प्लास्टर आणि दुरून दिसणारा गुलाबी रंग हा मुंबईतल्या किंवा आखातातल्या नोकरीचा जाहीर पुरावा असतो. गावाने आपल्या घराकडे बघावं ही इच्छा हास्यास्पद नाही. सुट्टीत होमस्टेला जाऊन 'इथे मातकट रंगच हवेत' म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना ती माती स्वतःच्या घराला लावायची नसते. म्हणून गावातले भडक रंग पाहून नाक मुरडणाऱ्या टीकेला मी टीका मानत नाही. ती वर्गाची सवय आहे.

तरीही रंगाला प्रश्न विचारता येतात, फक्त ते 'उच्च अभिरुची आहे का?' असे नसावेत. हा रंग या भिंतीवर टिकेल का? छपराशी आणि जमिनीशी त्याचं जमतं का, कारण त्या दोन्ही गोष्टी सहसा बदलत नाहीत? या घराच्या कोणत्या रेषा तो दाखवतो? गुलाबी रंगसुद्धा या प्रश्नांत उत्तीर्ण होऊ शकतो आणि महागडा राखाडी नापास.

उत्तर ॲपमध्ये मिळणार नाही. स्क्रीनवर रंग म्हणजे एक हेक्स कोड, आणि मी दिवसभर अशाच कोडांशी खेळतो. पण भिंतीवर तोच रंग सकाळी वेगळा, भर दुपारी फिका आणि आभाळ भरून आल्यावर आणखी वेगळा दिसतो. मोठ्या भिंतीवर तो कार्डावरच्या चौकोनापेक्षा जास्त भडकही भासतो. त्यामुळे डबे आणण्याआधी उन्हाच्या बाजूला आणि सावलीच्या बाजूला मीटरभर चौकोन रंगवून दोन-तीन दिवस येता-जाता बघावेत. रस्त्याच्या पलीकडे उभं राहूनही बघावेत, कारण आपल्या घराची बाहेरची भिंत आपल्यापेक्षा समोरचाच जास्त बघतो.